मागच्या खोलीचा पडदा आणि त्यामागच्या वायरी

लिहून ठेवते मी, या घराच्या मागच्या अर्ध्या भागाची मालकीण, शाळेतून निवृत्त झालेली शिवणकामाची शिक्षिका, वय वर्षे अडुसष्ट. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. असल्या शस्त्रक्रिया रोजच होतात, असे डॉक्टर म्हणतात. त्यांच्या रोजच्या असतील, माझी पहिलीच आहे. डोके ठिकाणावर आहे. अक्षर हलले आहे ते भीतीने, आजाराने नव्हे. मला कोणी बसवून हे लिहून घेतलेले नाही. उलट असले काही आत्ता लिहू नका, असेच सगळे म्हणत आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करायला मिळाले नाही, तर हेच शेवटचे समजावे.

कलम १. घरातील माझा हिस्सा, बँकेतील ठेव आणि दागिने माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावेत. व्यवस्थापकही तीच. यातून एक खोली वगळली आहे. त्या खोलीचे कलम पुढे आहे. ते पूर्ण वाचून होईपर्यंत मुलीने कोणालाही फोन करू नये.

कलम २. शिवणयंत्र आणि सर्व कात्र्या धाकट्या जावेला. मोठ्या कात्रीने कागद कापायचा नाही, हे तिला हजारदा सांगून झाले आहे. आता लेखी सांगते.

कलम ३. मागच्या खोलीविषयी आधी थोडे सांगणे भाग आहे.

माझे पती चष्म्याच्या भिंगांना आकार देण्याचे काम करत. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावे म्हणून डोळे शिणवायचे आणि संध्याकाळी घरी आले की स्वतःला काहीतरी मोठे, भिंतभर पाहायचे असे. आधी जुना प्रोजेक्टर आला, मग पडदा, मग कोपऱ्याकोपऱ्यांतून स्पीकर. घराच्या पुढच्या अर्ध्या भागात राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांचा सोफे-खुर्च्या बनवण्याचा व्यवसाय. त्यांना तीच खोली फोम आणि लाकूड ठेवायला हवी होती. "माझं सामान अंगणात कुजतंय आणि तुम्ही थिएटर कसलं काढताय?" असे ते माझ्या पतींना माझ्यादेखत म्हणाले. पतींनी खोली दिली नाही. तेव्हापासून दिरांनी बोलणे टाकले. पती गेले तेव्हा सगळी धावपळ दिरांनीच केली, पण माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. हे मी विसरलेले नाही. मृत्युपत्रात खोटे असू नये म्हणून नोंदवते.

कलम ४. वायरी.

पतींनी एकाही वायरीला खूण केली नव्हती. सगळा गुंता कपाटामागे ढकललेला. "माझ्या डोक्यात आहे सगळं," म्हणायचे, आणि ते डोके घेऊनच गेले. पुढे एके दिवशी पडद्यावर चित्र आले, आवाज येईना. दुकानातून तंत्रज्ञ आला. त्याने सगळ्या वायरी कपाटामागून बाहेर ओढून जमिनीवर ढीग घातला, "जुनं झालंय आजी, नवा संच घ्या," म्हणाला आणि गेला. त्या ढिगासमोर मी फतकल मारून रडले. या घरात पती आता खरोखर उरले नाहीत, असे मला तेव्हा प्रथम वाटले.

जाऊ नवऱ्याची नजर चुकवून आली. म्हणाली, "ताई, गुंताच आहे ना? साप तर नाही. हे टोक तुम्ही धरा, ते मी धरते."

एकेक वायर ओढत आम्ही दोघी सतरंजीपाशी पोचलो. सतरंजीखाली एक एक्स्टेंशन बोर्ड दडपलेला होता, सगळे त्याच्यावरच लावलेले. त्याचे एक भोक काळे पडले होते आणि सतरंजी खालून करपली होती. जावेने धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्या दिवशी जी धडकी भरली ती अजून गेलेली नाही. आवाजाची वायर तेवढी अर्धवट बसलेली निघाली. बिघाड तेवढाच होता.

तेव्हा माझ्या पश्चात पुढील सूचना पाळाव्यात. विजेच्या वायरी डाव्या भिंतीच्या पट्टीतून, आवाजाच्या उजव्या. त्या एकत्र बांधू नयेत. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मी कापडी फीत शिवली आहे, प्रोजेक्टरची पिवळी, स्पीकरची निळी. फीत काढू नये. चिकटपट्टी वापरू नये, उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो. उरलेल्या वायरीचे सैल वेटोळे करावे, करकचून आवळू नये. उपकरणांचे कपाट भिंतीपासून हातभर लांब राहू द्यावे, मागे गरम हवा कोंडते. जळक्याच्या जागी आणलेल्या नव्या बोर्डावर दुसरे काहीही लावू नये, इस्त्री तर नाहीच. खोलीतून निघताना भिंतीवरचे बटण बंद करावे. हे लिहितानाही मी उठून पाहून आले. बंद होते.

आणि तो तंत्रज्ञ पुन्हा या घरात येता कामा नये.

कलम ५. मागच्या वर्षी दिरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. अंगणातला सोफ्यांचा कारखाना जावेच्या अंगावर पडला. ती माझ्याकडे आली, "ताई, तासभर यांना तुमच्याकडे बसवू का?" मी नाही म्हणू शकले नाही, हो म्हणायलाही जड गेले. दीर भिंतीकडे तोंड करून बसले. जो माणूस इतकी वर्षे आपण होऊन बोलला नाही आणि आता बोलू शकत नाही, त्याच्याशी काय बोलायचे? मला सुचेना, म्हणून एक जुना विनोदी सिनेमा लावला. थोड्या वेळाने खोलीत विचित्र आवाज आला. घास अडकला की काय म्हणून जाऊ हातात खिळे तसेच घेऊन धावत आली.

मी म्हटले, "अगं, हसताहेत."

ती दारातच खाली बसली.

तेव्हापासून ते रोज येतात. म्हणून मागची खोली आणि तिच्यातील सर्व उपकरणे वापरण्याचा हक्क दीर व जाऊ यांना तहहयात राहील. त्यांच्या पश्चात खोली मुलीची. तोवर तिने ती विकू नये, भाड्याने देऊ नये. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ज्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं त्यांना खोली?" होय, त्यांनाच. दिरांवरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही.

काळजी एकच. जावेला खुणा पाठ आहेत, पण बटण दाबताना ती अजून डोळे मिटते. मी नसले तर ती सिनेमा लावील ना?

कलम ६. वरील मजकूर आज दुपारी मी साक्षीदारांसमोर, दीर व जाऊ यांच्या उपस्थितीत मोठ्याने वाचला. पाचवे कलम संपताच दिरांनी डावा हात खुर्चीवर आपटला. सिनेमा हवा असेल म्हणून जावेने रिमोट त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. ओठ बराच वेळ नुसतेच हलत होते.

"व... वहिनी," ते म्हणाले. मग खूप वेळाने, "परत... या. तुम्ही... लावा."

जाऊ तोंडावर पदर घेऊन बाहेर गेली. साक्षीला आलेल्या आमच्या डॉक्टरांनी विचारले, "हे पण लिहिणार?" मी म्हटले, लिहिणार. खोली ज्यांना दिली त्यांनी स्वतः हरकत घेतली आहे. हरकत मला मान्य आहे. कलम तसेच राहील.

ठिकाण: मागची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर, शनिवार

मृत्युपत्र करणारीची सही (पहिली वेडीवाकडी आल्यामुळे दोनदा केली आहे, दोन्ही माझ्याच)

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर. लिहिणारी पूर्ण शुद्धीवर असून फार घाबरलेली आहे, असे पाहिले. सही.
२. वरच्या मजल्यावरचे बेकरीवाले भाडेकरू. माझ्यासमोर वाचले, माझ्यासमोर सही केली. सही.