देव्हाऱ्यातला भात

प्रिय मिनोरी,

रविवारी फोनवर तू विचारलंस, किनाको कसा आहे. मी म्हणालो, आहे कोपऱ्यात. तू हसलीस आणि म्हणालीस, म्हणजे ससा नेहमीसारखाच आळशी. मी पुढे काही बोललो नाही, कारण आजी शेजारी बसली होती आणि आपल्या घरातली दारं कागदाची. गोदामातून तुला फोन करता आला असता, पण तुझा आवाज ऐकला की हे माझ्याच्यानं सांगून होणार नाही. म्हणून लिहितोय. जेवणाची सुट्टी आहे, बाहेर बर्फ पडतोय, आणि ओगी साहेब शेगडीपाशी डुलक्या काढताहेत. मला लिहायची सवय नाही, तांदळाच्या पोत्यांना चिठ्ठ्या लावतो तेवढंच माझं लिहिणं. अक्षर लावून घे.

तुझ्या आईला जाऊन तिसरा आठवडा चालू होता. देवळातले गुरुजी दर सातव्या दिवसाचं पठण करायला तिसऱ्यांदा येऊन गेले आणि त्याच सुमाराला किनाकोनं गवताला तोंड लावणं सोडलं. आधी वाटलं, गवत जुनं असेल. नवीन आणलं. त्यानं हुंगलं आणि परत जाऊन कोपऱ्यात बसला, पाठीचा गोळा करून, डोळे अर्धे मिटून. दातांवर दात घासल्यासारखा बारीक आवाज यायचा त्याच्या तोंडातून. मला वाटायचं, नाम घेतोय. सकाळी आजी देव्हाऱ्यासमोर बसून पुटपुटते ना, अगदी तसंच. दुखत असलं की ससा असे दात वाजवतो, हे मला नंतर कळलं.

आजी म्हणाली, “तुझ्या बायकोची वाट बघतोय रे तो.” नाकादे काकू उदबत्ती लावायला आल्या, त्यांनीही पिंजऱ्यापाशी उकिडवं बसून मान हलवली. “ससा एकटा पडला की मरतो, सगळ्या जगाला माहीत आहे. माझ्या बहिणीकडचा तसाच गेला. आणि या घरात आता माणसं दोन, दोन्ही मुकी. त्या बिचाऱ्यानं बोलायचं कुणाशी?” काकूंचं बोलणं तुला माहीतच आहे. हातातली मिठाई देव्हाऱ्यासमोर ठेवता ठेवता टोमणाही ठेवून जातात.

मला ते पटलं. खरं सांगू का, मला बरं वाटलं. अंत्यविधीला मी दाराशी उभा राहून आलेल्या सगळ्यांना वाकून नमस्कार करत होतो, छत्र्या कुठे ठेवायच्या ते सांगत होतो, आणि तू अधूनमधून माझ्या चेहऱ्याकडे बघत होतीस. तू कशाची वाट बघत होतीस ते मला कळत होतं, पण ते आलं नाही. नंतरही आलं नाही. तेव्हा घरात निदान एक जीव तरी नीट शोक करतोय, हे बघून मला आधार वाटला. मी गोदामातून आलो की पिंजऱ्याशेजारी बसायचो. आम्ही दोघं काही न खाता बराच वेळ बसायचो.

आता भाताचं सांगतो. सकाळचा पहिला भात पितळेच्या वाटीतून देव्हाऱ्यात जातो आणि दुपारच्या आत खाली उतरतो, हे तू जन्मापासून बघितलंस. तो उतरवलेला भात खायचं कोण, हे मात्र तू कधी बघितलं नसशील, कारण मीही बघितलं नव्हतं. तुझी आई खायची. वाळून खडा झालेला असायचा. त्यावर ऊन ऊन चहा ओतून, मोरीपाशी उभ्यानं खायची. देवाचं टाकायचं नाही म्हणून. ती गेल्यावर तो भात कुणाचाच राहिला नाही. मी सकाळी लवकर बाहेर पडतो आणि आजीच्या कवळीला तो चावत नाही. शिवाय आता अस्थिकलशापुढे रोज काहीतरी यायचं, वाटलेल्या घेवड्याचं गोड सारण भरलेले वाफवलेले उंडे, साखरेची दाबून केलेली फुलं. आजीनं ते किनाकोला द्यायला सुरुवात केली. तुझ्या आईचं नाव घेऊन मला मोठ्या समाधानानं म्हणाली, “काझुयोचा वाटा तो खातो बघ.” मी बघितलंही. तिच्या सुरकुतलेल्या तळहातावरचा भात तो भराभरा खात होता, मिशा हलत होत्या. मी हात जोडले. 

मग त्यानं गवत सोडलं, म्हणून आजीला वाटलं ओढ लागलीय, म्हणून तिनं आणखी दिलं. तुझ्या आईला आवडायचं ते निवडून, तुकडे करून. शेवटी तेही तो खाईना.

तेव्हा मी त्याला खोक्यात घालून तोनामीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. ओगी साहेबांकडे अर्धी रजा मागितली तर म्हणाले, “सशासाठी रजा? कारणाच्या रकान्यात नातं काय लिहू, धाकटा भाऊ?” पण दिली, आणि गाडीतलं हीटर आधीच चालू करून ठेवलं. डॉक्टरीण वयानं तुझ्याहून थोडी मोठी असेल. तिनं पोट चाचपलं, फोटो काढला आणि मला दाखवला. पोटात मळलेल्या कणकेचा गोळा असावा तसं काहीतरी होतं आणि त्याच्यामागे नुसता वायू. विचारलं, काय खायला देता. मी सांगितलं. ती लिहायची थांबली. म्हणाली, “सशाचं पोट गवतावर चालतं. भात आणि साखर गेली की ते चालायचं थांबतं. त्याला दुखतंय म्हणून तो खात नाही.” मी वेड्यासारखा विचारून बसलो की म्हणजे तो कुणाची वाट बघत नव्हता का.  “ते मला तपासता येत नाही,” म्हणाली.

परत येताना खोकं शेजारच्या सीटवर होतं आणि मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो, आजीला सांगायचं की नाही. तुला ठाऊक नसेल, पण तू परत गेल्यापासून ती रोज एकदा तरी म्हणते, सून गेली आणि मी राहिले, वर कुणाचं तरी मोजायला चुकलं. तिला दिवसभरात हातानं करण्यासारखं हे एकच काम उरलं होतं, की काझुयोचा वाटा कुणाला तरी भरवायचा. घरात पाऊल टाकलं तर ती दारातच उभी. मी म्हणालो, “पोटात वायू धरलाय. औषध दिलंय.” एवढंच म्हणालो. ठरवलं, भात सकाळी निघताना मीच उतरवून खाऊन टाकायचा आणि मिठाई गोदामात नेऊन वाटायची. म्हणजे सांगायची वेळच येणार नाही.

मग मी त्याचं सगळं केलं. पाण्यात कालवलेली गवताची भुकटी, बिनसुईच्या पिचकारीनं, पुढच्या दातांच्या बाजूच्या फटीतून थोडी थोडी. घाई केली तर श्वासात जाते. तुझ्या आईच्या जुन्या टॉवेलात त्याला गुंडाळून मांडीवर घ्यायचो. पोट हलक्या हातानं चोळायचो, खाली गरम पाण्याची पिशवी. आमच्या गावच्या शाळेत सशांचं खुराडं होतं आणि सशाला पाणी दिलं की तो मरतो असं आम्हाला शिकवलं होतं. डॉक्टरीण म्हणाली पाणी तर हवंच, तेव्हा मला त्या शाळेतल्या सशांची फार लाज वाटली. किनाको दोन घोट घेऊन तोंड फिरवायचा. ते तोंड फिरवणं माझ्या ओळखीचं होतं. इस्पितळात मी चमचा धरून बसलेला असायचो तेव्हा तुझी आई तसंच फिरवायची. रागानं नाही, दमून.

एका सकाळी कुंपणाच्या दगडी भिंतीच्या दक्षिणेला बर्फ जरा बसला होता, तिथे हातानं उकरलं तर पिवळ्या रानफुलाच्या रोपाची, तुम्ही मुली ज्याची म्हातारी फुंकायच्या त्याची, चार पानं मिळाली. त्यानं एक पान घेतलं. टोकापासून आत ओढत ओढत पूर्ण खाल्लं. संध्याकाळी लेंड्या पडल्या, छोट्याशा, केसांच्या धाग्यात ओवल्यासारख्या, पण पडल्या. मी त्या कागदावर घेऊन आजीला दाखवायला गेलो. नाकादे काकू तिथेच होत्या. “लोक बुद्धापुढे हात जोडतात, हा सशाच्या लेंड्यांपुढे जोडतोय,” म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो. तुझ्या आईनंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. पुढचे काही दिवस तो गवताची काडी काडी खाऊ लागला. मला वाटलं, निभावलं.

पण मी आजीला सांगितलं नव्हतं, आणि काकू मिठाई घेऊन दुपारी येतात, मी संध्याकाळी. त्या दिवशी मी दारात बूट काढत होतो तेव्हाच आजी आतून आली. चेहरा उजळलेला होता. “आज त्यानं माझ्या हातून खाल्लं. सारणाचा उंडा. अख्खा.”

मी एक बूट पायात असतानाच उभा राहिलो.  आत गेलो, किनाकोचे कान हातात घेतले, गार होते. परत गाडी काढली. शोगावा नदीच्या पुलाच्या अलीकडेच तो खोक्यात एकदा ताठ झाला आणि मग सैल पडला. मी गाडी कडेला घेतली. अमिदा बुद्धाचं नाम घेतलं. वायपर चालूच होते. मग जे झालं ते, मिनोरी, अंत्यविधीला तू माझ्या चेहऱ्यावर ज्याची वाट बघत होतीस ते होतं. बराच वेळ झालं.

देवदारांखाली बर्फ कमी असतो, तिथे त्याला पुरलं. टॉवेलसकट. आजी छत्री धरून उभी होती. ती म्हणाली, “काझुयोकडे गेला. उपाशी नाही गेला, हे बरं झालं.” तिच्या चेहऱ्यावर शांती होती. मी मनात म्हटलं, गप्प राहिलो ते चांगलंच झालं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. किनाको कसा आहे म्हणून चौकशी करायला, मायेनंच केला होता. मी गोदामात होतो. आजीनं उचलला. आता कसा आहे ते ती सांगणार, त्याआधीच तिकडची मुलगी म्हणाली, आजी, भात आणि गोड अजिबात देऊ नका बरं का, त्यानंच तर झालं होतं हे सगळं. हे मला आजीनंच सांगितलं, एकही शब्द न गाळता. तिनं त्या मुलीचे आभार मानले होते.

तेव्हापासून देव्हाऱ्यात भात मी ठेवतो. आजी सकाळच्या पठणाला येत नाही. सून म्हणून या घरात आली त्या दिवसापासून तिचं पठण कधी चुकलं नव्हतं, माझ्या जन्माच्या दिवशी सोडून. मी बोलवायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “माझ्या हातचं देवाला नको.” मी खालीच बसलो आणि म्हणालो, आई, भात तू किती देणार, चिमूटभर, मी त्याला रोज संध्याकाळी काय काय खायला घालत होतो ते तुला माहीत नाही. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुझे.”

येत्या शनिवारी एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तू येशील, म्हणून हे पत्र त्याआधी तुझ्या हाती पडायला हवं. रिकामा पिंजरा मी हलवलेला नाही, तो दारातूनच दिसेल. तुला पत्र आलंय हे आजीला कळू देऊ नकोस. तू बूट काढायच्या आत मला विचार, त्याला काय दिलंत, आणि मी म्हणेन, तांदळाच्या चकत्या, बिअरबरोबरच्या. त्या त्याला भरवताना तू मला पूर्वी पकडलं आहेस, आरडाओरडा केला आहेस, हे आजीला माहीत आहे. आता तसाच कर, मागच्या खोलीत ऐकू जाईल इतका. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास नाही, पण तुझ्या रागावर आहे. तुझ्या आईच्या अस्थी घरात असताना, देव्हाऱ्यासमोर तुला खोटं बोलायला सांगतोय, हे मला कळतं. गुरुजी म्हणतात अमिदानं वचन दिलं ते चुकणाऱ्यांसाठीच, त्या भरवशावर सांगतोय. आणि नाटक जमलं नाही तर करू नकोस, खरोखरच रागाव, कारण मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. फक्त लवकर थांबू नकोस. आजी बाहेर येऊन, “पुरे गं पोरी, त्यानं काय मुद्दाम केलं का, मायेनंच दिलं ना,” असं म्हणेपर्यंत थांबू नकोस. ते वाक्य मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे, आणि तिनं स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं आहे.

तुझाच,
बाबा