ताशी तीसची गाडी

प्रिय दादा,

पाकीट उघडताना जी लोखंडी चकती तुझ्या मांडीवर पडली असेल, ती वहिनीला पेपरवेट म्हणून देऊ नकोस. ती माझ्या स्कूटरच्या पोटातून निघाली आहे. तू बसवून घेतलेली, म्हणून तुझी तुला परत.

दोन वर्षांपूर्वी तू ही गाडी शोरूमच्या माणसाकडून दारात आणवून उभी केलीस, तेव्हा मला भरून आलं होतं. हलकी आहे, लायसन्स लागत नाही, खास बायकांसाठीच आहे, असं तू म्हणालास. ‘खास बायकांसाठी’ हे शब्द ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. काटा तीसच्या पुढे हलेना. सायकलवाले मला मागे टाकून जायचे. एकदा धावायला निघालेले एक आजोबा माझ्या बरोबरीने आले, तब्येतीची विचारपूस केली आणि पुढे निघून गेले. मला वाटलं, दोष माझ्या वजनाचा. रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं, चार किलो उतरवले. मी बारीक झाले, गाडी तीसच.

माझं काम तुला माहीत आहे, निदान तशी माझी समजूत होती. सकाळी नऊ ते एक, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी आणि इंजेक्शनं. टेकडीवरच्या शेवटच्या घरात एक म्हातारी शिवणवाली आहे. तिची दृष्टी साखरेने नेली. मी सुई टोचल्याशिवाय तिला घास घेता येत नाही. त्या चढावर गाडी इतकी रडायची, की मी उतरून ढकलत जायचे आणि पोचेपर्यंत अकरा वाजायचे. ती ताटावर झाकण ठेवून समोर बसलेली असायची. तक्रार एका शब्दाची नाही. उलट मलाच विचारायची, आज वारा उलटा होता का गं? माझी सबबसुद्धा तीच शोधून द्यायची. गेल्या महिन्यात मेट्रनबाई म्हणाल्या, वेळा जमत नाहीत, टेकडी दुसऱ्या नर्सला देऊ, तुम्ही फायलींचं टेबल घ्या, या वयात जरा पंख्याखाली बसा. पंख्याखाली ओले कपडे वाळत घालतात, दादा, माणसं नव्हे.

मी गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. हा माणूस आपल्या पान्यांपेक्षाही कमी बोलतो. त्याने बाजूचं झाकण उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “ताई, गाडी आजारी नाहीये. बांधून ठेवलीय.” मग हात पुसत त्याने समजावलं, की ही सहज साठ गाठते, पण शोरूमला खास सांगितलं तर ते आत अशी चकती बसवून देतात. नव्याने शिकणाऱ्या पोरांचे बाप बसवून घेतात म्हणे. आणि बावन्न वर्षांच्या बहिणींचे भाऊ.

चकती काढली. ब्रेक नवे टाकून घेतले, कारण मी संतापले होते, वेडी झाले नव्हते. आता लायसन्स लागतं, म्हणून परीक्षाही दिली. परीक्षकाला लहानपणी धनुर्वाताचं इंजेक्शन मीच दिलं होतं. त्याने सूड म्हणून माझ्याकडून आठाचा आकडा दोनदा काढून घेतला. दोन्ही वेळा पाय टेकला नाही. गाडीची नोंदही नव्याने करून घेतली. तेव्हा आता सगळं कायदेशीर आहे, फक्त तुझ्या मनाविरुद्ध आहे.

तू हे का केलंस, ते मला कळतं. त्या दिवशी शवागारात तू मला आत येऊ दिलं नाहीस, ओळख एकट्याने पटवलीस. तेव्हापासून तू स्वतःही गाडीला हात लावलेला नाहीस, हे मला दिसतं. पण सहा वर्षं आपण एक गोष्ट एकमेकांशी बोललेलो नाही, ती आज लिहिते. तुझे मेहुणे वेगाने गेले नाहीत. ते सिग्नलला उभे होते, एक पाय जमिनीवर टेकवून. टेम्पो मागून आला. ताशी शून्य, दादा. याहून हळू कुणालाही चालवता येत नाही.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, तर फोनवर तुझा आवाज कापला असता आणि मी विरघळले असते. मला विरघळायचं नाही. काल मेट्रनबाईंच्या तोंडून निसटलं, की फायलींचं टेबल ही त्यांची कल्पना नव्हतीच. तू त्यांना फोन केला होतास. बहीण थकली आहे, पण स्वतः बोलणार नाही, असं सांगितलंस. मी थकलेले नाही, आणि बोलायचं तेव्हा माझं मी बोलते. आज सकाळी टेकडी लेखी मागून घेतली, निवृत्तीपर्यंत. शिवणवाली साडेनऊला जेवली. माझ्याविषयी काही विचारायचं असेल तर यापुढे मला विचार, माझ्या वरिष्ठांना नाही. फोन कधीही कर, फक्त नऊ ते एक सोडून. तेव्हा मी गाडीवर असते आणि उचलत नाही.

तुझीच,
धाकटी, पण लहान नव्हे