बाबांच्या टाकीतली हवा

३ फेब्रु.
लॅबमध्ये सरांचं पुन्हा तेच. आजच्या हवेतलं हेलियम-३ आणि ४ चं गुणोत्तर कितीही बारीक मोजा, जुनी हवा नसेल तर ते बदलतंय हे कशावरून म्हणणार? आणि ती धातूत कोंडलेली हवी. काचेतून हेलियम निसटतं.
घरी आले, तर पलंगाखाली बाबांची डायव्हिंगची टाकी! धरणाच्या दारांची पाण्याखालून तपासणी करायचे तेव्हाची. काटा अजून दाब दाखवतोय.

५ फेब्रु.
बाबांना विचारलं, कधी भरलेली? "तू दहावीला होतीस. शेवटच्या कामाआधी जास्तीची भरून ठेवली. नंतर हात नाही लावला." एकदम ठाम. स्वतः पुसून माझ्या हातात दिली. म्हणजे वीसेक वर्षांची हवा! सर खूश.

६ फेब्रु.
आई भाजी निवडताना: "अहो, मध्ये एकदा परत भरून आणलीत ना?"
बाबा भडकले. "नाही म्हणजे नाही!"
"बरं. सकाळी जेवलेलं आठवत नाही, टाकीचं बरं आठवतं."
मला हसू आलं नाही. गेल्या महिन्यात बाबा स्वारगेटला बस बदलायची विसरून तिथेच बसून राहिले होते. टाकी परत भरली असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

१२ फेब्रु.
मोजलं. फरक दिसतोय! लहान, पण त्रुटीच्या मर्यादेबाहेर. सरांनी चक्क स्वतःच्या खिशातून चहा पाजला. मग म्हणाले,
"तुमच्या बाबांच्या शब्दावर पेपर कसा छापणार?" इतर वायूंवरून हवेचं वय कळतं, त्यासाठी बाहेरच्या लॅबला नमुना पाठवला. बरोबरच आहे. तरी लागलं.

२० फेब्रु.
बाबा रोज विचारतात, "आलं का उत्तर?" आज दोनदा. हवा नवी निघाली तर पेपर जाईल, जाऊ दे. पण बाबांचं ते "नाही म्हणजे नाही"... भीती वाटते. हेलियमची नाही.

५ मार्च
आलं. हवा माझ्या दहावीच्याच सुमाराची. बाबा बरोबर! सर: "पुन्हा मोजा, मग नाचा." उरलीय ती एका मोजणीपुरतीच. उद्या.
सांगायला लॅबमधून रिक्षाने विश्रांतवाडीचं घर गाठलं. बाबा जमिनीवर ओणवे, पलंगाखाली टॉर्च मारत होते.
"माझी टाकी कुणी नेली?"
"मी नेली, बाबा."
"विचारून न्यायची की गं."
आई आता काहीतरी टोमणा मारेल म्हणून थांबले. ती खाली मान घालून भाजीच निवडत राहिली.