माझा दावा कोणी सोडायचा

मी, खाली सही करणारी, वय बावन्न, मोटारींच्या कारखान्यात दारांना रबर बसवणारी, शिक्षण चौथी, डोकं ठिकाणावर असताना हे लिहिते. सोमवारी पोटाचं ऑपरेशन आहे. मला कोणी पढवलेलं नाही. पढवायला आलं असतं तर हाकलून दिलं असतं.

१. घर, दोन खोल्या, मुलाला. कपाटाची किल्ली मात्र सुनेकडे राहील. मुलगा भोळा आहे, खांद्यावर कोणी हात ठेवला की विरघळतो.

२. रबरी हातोडी सुनेला. चोरलेली नाही, गेटपास डब्यात आहे. आमच्या गाडीच्या दारातून पाणी येतं म्हणून लोक परदेशी गाड्या घेतात, असं साहेब म्हणाले. स्वस्तातलं रबर आणलं खरेदीवाल्याने. लिहून ठेवते, नाहीतर मेल्यावर खापर माझ्याच डोक्यावर फोडतील.

३. आता मुख्य. युनियनचे सेक्रेटरी माझे धाकटे दीर. विक्री पडली तेव्हा त्यांनी सभेत एक कागद फिरवला. मी विचारलं, "भावजी, हे कसलं?"

"हजेरी हो, वहिनी. करा सही, चहा गार होतोय."

तोच कागद कंपनीच्या पत्राला जोडला गेला. आमची लाइन बंद करायला म्हणे आम्हा सतरा बायकांची संमती! भावजी म्हणतात, कोणी जोडला ठाऊक नाही, आणि कारखाना वाचला ना? त्यांची लाइन चालू आहे. काय समजायचं ते समजा.

त्यावर कामगार कोर्टात आमचा दावा आहे. चौदा जणी फुटल्या, तिघी उरलो. माझ्यामागे दावा चालवायचा की सोडायचा हे फक्त सून ठरवील. ती माझ्याशी कडाकडा भांडते, पण दुधाच्या पावतीवरसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाही. मुलाने सही करू नये. मी गेल्यावर भावजी रडत येतील. रडणं खरंही असेल. त्यांना पाणी द्यावं, पेन देऊ नये.

४. सूनबाई, दमलीस तर सोड दावा. माझा राग नाही. पण वकील छापील कागद आणेल, त्यात 'समाधान झाल्याने मागे घेत आहे' असं असतं. ते खोड. तिथे आपल्या हाताने लिही, 'दमले म्हणून सोडते.' मग सही कर.

साक्षीदार :
१. शेजारची शिंपीण
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर
(दोघांचं युनियनमध्ये कोणी नाही, खोदून विचारलं. दोघांना सगळं वाचून दाखवलं.)

सही : माझी, माझ्या हातची
स्थळ : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : १४ मार्च, शुक्रवार