नऊ ओळींची संमती आणि एकतीस नारळ

खासबाग, बेळगाव
९ ऑगस्ट १९८७

आदरणीय भीमसेन अण्णास,

धर्मराजचा सप्रेम जयभीम.

(सहा महिन्यांनी मोठ्या असलेल्या चुलतभावाला 'आदरणीय' लिहिताना पेन जरा अडलं. पण आई शेजारी भाजी निवडत बसली आहे, आणि तिला वाचता येत नसलं तरी मी काय लिहितो ते तिला बरोबर कळतं.)

इकडे सर्व खुशाल. तुझी तब्येत कशी आहे? बंगळूरच्या गारठ्यात गुडघा अजून धरतो का? तीन वर्षांत तू आला नाहीस, पत्रही नाही, तेव्हा प्रकृती उत्तमच असणार असं धरून चालतो. आजारी माणसाला घर आठवतं.

माझी 'गणितपेटी' तुला माहीत आहेच. मोठी समीकरणं आणि कोष्टकं संगणकाकडून सोडवून घ्यायची बासष्ट सबरूटीनं (छोट्या छोट्या आज्ञावल्याच त्या) आपण सगळ्यांनी मिळून फोरट्रान भाषेत लिहिली, ती मी एका संचात बांधली आहेत. परदेशी संच आपल्या कॉलेजांना परवडत नाहीत, आणि ज्यांनी कुठून तरी गुपचूप उतरवून घेतलेत ते कपाटाची किल्ली हरवली म्हणून सांगतात. म्हटलं, सीमाभागातल्या एकतीस कॉलेजांना आपणच फ्लॉप्या वाटू. दोन ऑगस्टला निपाणीत वाटप ठरलं. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग आमचे प्राचार्य म्हणाले, "ज्यानं ज्यानं ह्यात लिहिलंय, त्याची लेखी संमती पायजे. न्हायतर एकबी फ्लॉपी भाईर जाणार न्हाय."

अण्णा, संमती मागायला जाईपर्यंत माणूस आपला असतो. मागितली की तो अट घालतो. शहापूरच्या आण्णाप्पा सरांनी (आपल्या दोघांच्या पाठी सोलून काढणारे तेच) सही केली, पण बजावलं, "माझं एक अक्षर हलवायचं न्हाय." आता त्यांच्या सबरूटीनात एका जागी वजाऐवजी अधिक पडलंय, त्यामुळे उत्तर नेमकं उलट्या चिन्हाचं येतं. हे सरांना सांगायची माझी छाती नाही, तुझीही झाली नसती. शेवटी त्यांचं जसंच्या तसं ठेवलं, आणि आलेलं उत्तर पुन्हा उलटं करणारं दुसरं सबरूटीन मागून जोडलं. सरांचा मान राहिला आणि गणितही सुटलं.

खानापूरच्या मारुतीरावांचं वेगळंच. "फुकट देणार असशीला तर माझं काढून टाका. फुकटच्या वस्तूला कोण इच्यारतंय?" निपाणीच्या भरमूनं बरोबर त्याच्या उलट सांगितलं, "एक रुपाया जरी घेतलासा तरी माझं काढा. इद्या इकायची न्हाय." बरं, एकाला वगळावं तर मारुतीरावांचं सबरूटीन मध्येच भरमूच्या सबरूटीनाला हाक मारतं, आणि पेटीतली निम्मी गणितं मारुतीरावांच्या खांद्यावर. दोन आठवडे मी खानापूर आणि निपाणीच्या बसमध्ये उभा होतो. शेवटी तोडगा काढला आईनं. "पैसं नको, फुकट नको, तर नारळ घ्या की रं." मारुतीरावांना ती किंमत वाटली, भरमूला तो मान वाटला, आणि एका कॉलेजानं एक नारळ असं ठरलं. आपले वडीलधारे छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून आपल्या घरात नारळ फुटला नाही तो चटणीपुरता सोडून. त्याला एकतीस वर्षं झाली, आणि ती सगळी भरपाई आज माझ्या पलंगाखाली आहे. आई रोज एक फोडते आणि सकाळ-संध्याकाळ चटणी वाढते.

राहिलं फक्त तुझं 'बास'. यंत्राला किती बारीक फरक ओळखता येतो ते आधी पाहून घ्यायचं, आणि उत्तर तेवढं जवळ आलं की बाकीच्या सबरूटीनांना "बास, थांबा" म्हणायचं, एवढंच त्याचं काम. ओळी नऊ. आणि बासष्टातली अठ्ठावन्न त्याला विचारल्याशिवाय थांबत नाहीत. तुझी संमती मी मागितलीच नाही. म्हटलं, नऊच तर ओळी, आपण लिहू. एका दुपारी माझ्या बावीस ओळी लिहून झाल्या, आणि त्याच घेऊन निपाणी गाठली.

ज्या हॉलमध्ये कार्यक्रम होता तो एरवी तंबाखूच्या व्यापाऱ्यांचा. एकतीस प्राध्यापक हातात नारळ घेऊन शिंकत होते. मी भाषण करून दोन साधी समीकरणं संगणकाला दिली. चहा झाला. सत्कार झाले. जेवणं झाली. संगणक सोडवतोच आहे. उत्तर कधीच येऊन गेलं होतं, पण थांबायचं कधी ते त्याला कळेना. शेवटी भरमू मोठ्यानं म्हणाला, "सर, ह्येला बास म्हणायला कुणी शिकीवलंच न्हाय वाटतं." सगळा हॉल हसला. नारळ जमा झाले, फ्लॉपी एकही गेली नाही. आता तेवीस ऑगस्टला पुन्हा सगळे येणार आहेत. त्या दिवशीही फजिती झाली, तर पेटी मिटवून टाका असं प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. म्हणून माझ्या बावीस ओळी काढून तुझ्या नऊच पुन्हा आत घातल्या आहेत.

पत्र लांबलं. काळजी घे.

तुझा,
धर्मराज

ता. क. : संमतीपत्र सोबत आहे, पण पोस्टानं पाठवू नकोस. तेवीस तारखेला निपाणीत येऊन प्राचार्यांसमोर सही कर. कारण खाली.

ता. क. दुसरा : फजितीनंतर घाईघाईत तुझी सही मीच करून दिली होती. प्राचार्यांची हयात पोरांच्या रजेच्या अर्जांवर बापाच्या सह्या तपासण्यात गेली आहे. म्हणाले, "ह्यो माणूस माझ्यासमोर येऊन सही करू दे." तेव्हा खाली दिलेल्या नमुन्याप्रमाणे सही कर. 'भी'ची वेलांटी लांब आणि खाली दोन टिंबं. तुझी मूळची सही काही फार चांगली नव्हती.

ता. क. तिसरा : चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात तू त्या नऊ ओळी आपल्या अंगणात बसून वहीच्या पानामागं लिहिल्यास, आणि मी म्हटलं, "नऊच? एवढं तर आईबी लिवंल." एकदा म्हटलं असतं तर चाललं असतं. मी दोन दिवस तेच चालवलं, तुला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी तू बंगळूरची बस धरलीस. ते चुकलं, अण्णा. मला त्याची लाज वाटते.

फोरट्रानमध्ये सी अक्षरानं सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. तुझ्या नऊ ओळींच्या डोक्यावर मी तशी एक ओळ घातली आहे, रोमन अक्षरांत, पण मराठीच: 'हे भीमसेनचं. धर्मराजला कुठं थांबायचं ते कळलं नाही.' आणि सगळ्यांनी अटी घातल्या, तशी मीही एक घातली आहे. ही ओळ कुणी काढायची नाही.

तू आला नाहीस तर तुझ्या नऊ ओळी जाणार नाहीत, आणि एकतीस कॉलेजांत ही दहावी ओळही जाणार नाही. बघ बाबा. आई म्हणते, चटणी आहे. बास, थांबतो.