पाचशे मीटरवरचा मेंढा

चँडलर, ॲरिझोना
३० ऑगस्ट १९८६

ती. दादा,

शि. सा. नमस्कार. वाकून नंतर करते; आत्ता एका हातात पळी आहे आणि शिसं नुकतंच वितळलं आहे.

साच्यातून निघालेली गोळी टॉवेलवर ठेवायची, गार होऊ द्यायची, मग पुढची ओतायची. मधल्या वेळात तुला दोन ओळी लिहिते. गॅरेजचं दार उघडं आहे आणि बाहेर एकशे सात डिग्री आहे. अक्षर वाईट आलं तर तो घाम समज.

फोनवर तुला सांगितलं नाही, कारण तीन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. मी बंदूक घेतली. शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यावर इटलीत बनवलेली, काळ्या दारूची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. वजन अकरा पौंड. इथल्या वॉल्ट नावाच्या निवृत्त पोस्टमनकडून घेतली. काडतुसं दुकानातून आणायची नाहीत, घरी भरायची. गोळीसुद्धा घरी ओतायची. म्हणून हे शिसं. त्यात थोडं कथील घालते.

का घेतली, हे तू विचारशीलच. मे महिन्यात आम्ही वॉल्टच्या क्लबची मॅच बघायला गेलो होतो. लोखंडी पत्र्याचे प्राणी उभे करतात: कोंबड्या जवळ, मग डुकरं, मग टर्की, आणि सगळ्यांत लांब, पाचशे मीटरवर, मेंढे. एका म्हाताऱ्याने बार काढला. पांढरा धूर झाला. काहीच झालं नाही. मी मनात तीनपर्यंत मोजलं आणि तिकडून लोखंडाचा आवाज आला, मेंढा आडवा झाला. एवढंच. मला ते स्वतः करायचं आहे. शेहेचाळीस वर्षांत मला फार गोष्टी कराव्याशा वाटल्या नाहीत, तुला ठाऊक आहे.

शैलेंद्रचं म्हणणं, आपल्या घरात हे नको. दोन आठवडे तो माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलत होता. शेवटी त्याने अट घातली. १५ नोव्हेंबरला या वर्षाची शेवटची मॅच आहे. त्यात मेंढ्यांवर मोजक्या वेळात दहा गोळ्या मिळतात; एक तरी मेंढा पडला पाहिजे. नाही पडला तर बंदूक वॉल्टकडे परत. वॉल्ट परत घ्यायला तयार आहे. मी हो म्हटलं.

पहिली चूक करून झाली. काडतुसात दारू भरताना वर थोडी जागा सोडली. आई म्हणायची ना, डबा काठोकाठ भरू नये. वॉल्टने एक काडतूस कानाशी हलवून पाहिलं, आत खुळखुळलं, आणि त्याने वीसच्या वीस उघडून रिकामी केली. तो म्हणतो, जागा ठेवायची नाही म्हणजे नाही. का, ते त्याला नीट सांगता आलं नाही. तू सांग.

गोळीला चरबी लावावी लागते. वॉल्ट मेंढीची लावतो. मी साजूक तूप आणि मेण एकत्र कढवलं. चाललं. विनीताला टूसॉनला फोन केला तर ती इंग्रजीतून म्हणाली की बाकीच्यांच्या आया क्रोशा विणतात.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरतो, पण आत्ता थोडा जास्त पाठव.

तुझी,
पद्मिनी


खडकी
१५ सप्टेंबर १९८६

चि. सौ. पद्मिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. तुझी वहिनी मोठ्याने वाचत होती. बंदूक या शब्दापाशी थांबली, चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली की तुमच्या घरात एकच शहाणी होती, तीही गेली. नंतर तिने विचारलं की तूप कोणतं वापरलं, घरी कढवलेलं की विकतचं. तेव्हा तिचा विरोध फार मानू नकोस.

आता कामाचं. आईचा नियम पिठाच्या डब्याचा आहे. काळी दारू सैल राहिली की नळी फुगते, कधी फुटतेही. गोळी दारूवर टेकलेली पाहिजे, दारू दाबलेली पाहिजे, आणि प्रत्येक काडतुसात सारखीच दाबलेली पाहिजे. दारू लांब नळकांड्यातून सावकाश ओत, म्हणजे ती आपोआप बसते. प्रत्येक वेळी त्याच उंचीवरून. एकतीस वर्षं कारखान्यात काडतुसं तपासली, त्यातून एवढंच शिकलो: चांगलं असण्याआधी सारखं असावं लागतं.

शैलेंद्ररावांची अट मला योग्य वाटते. अटीशिवाय तू कुठलीच गोष्ट पुरी केलेली नाहीस.

खंडेनवमी ११ ऑक्टोबरला आहे. बंदूक पूजेला ठेव. आपल्या कुटुंबातलं हे पहिलं खरं शस्त्र. आप्पा पान्हे आणि कानस मांडायचे, आठवतं ना? आणि पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. एका नवमीला मोरीतला नळ गळायला लागला तर आप्पांनी खाली बादली ठेवली, पण पान्ह्याला हात लावला नाही. तेवढं पाळ.

इथे सगळे ठीक. माझा गुडघा आपल्या जागी आहे, म्हणजे दुखतो आहे. तिकडून पत्र येत राहू दे. इथे त्याची वाट पाहणारे दोघे आहेत.

तुझा,
दादा


खडकी
६ ऑक्टोबर १९८६

चि. पद्मिनीस आशीर्वाद.

हे पत्र वेळेत पोचणार नाही असं वाटतं, तरी लिहितो. काल कारखान्यातली जुनी माणसं भेटली. बोलताना कोणीतरी म्हणालं की काळ्या दारूची नळी त्याच दिवशी उकळत्या पाण्याने धुवावी लागते, कारण तिची काजळी हवेतलं पाणी ओढते. हे मी तुला सांगायला हवं होतं. माझ्या हातून लाखो काडतुसं गेली, पण उडवलेली नळी मी कधी हातात घेतली नाही.

नवमीला बार काढलेस तर आधी नळी धू, पुसून कोरडी कर, तेल दे, आणि मगच पूजेला ठेव. नाहीतर पूजा करू नकोस. ट्रंक कॉल लावून पाहिला, लागला नाही. तार करायला गेलो, पण खिडकीतला माणूस मजकूर वाचून माझ्याकडे असा बघू लागला की परत आलो. लाजलो, हे खरं आहे.

दादा


चँडलर
१६ ऑक्टोबर १९८६

ती. दादा,

शि. सा. नमस्कार.

शनिवारी सकाळी रेंजवर तीस बार काढले. गोळ्या एका जागी पडायला लागल्या होत्या. तुझं नळकांडं उपयोगी पडलं. वॉल्टने मान हलवली. तो याहून जास्त काही करत नाही.

दुपारी घरी आले. नवमी होती. बंदूक पाटावर ठेवली, गंध, कुंकू, फूल. वॉल्टने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नळी त्याच दिवशी धुवायची. मला ते आठवत होतं, दादा. विसरले नाही. पण धुवायची राहिली आहे हे लक्षात आलं तेव्हा पूजा झाली होती. दोन नियम समोर होते. मी आप्पांचा पाळला.

देवाचा कोपरा कूलरच्या झडपेखाली आहे. इथले कूलर ओल्या गवतातून वारा ओढून घरात सोडतात. एरवी हवा इतकी कोरडी की एका दिवसात काही झालं नसतं. रविवारी सकाळी नळीतून कापड ओढलं तर ते तांबडं निघालं. दुसरंही तांबडं.

वॉल्टने नळीत दिवा धरून पाहिलं. मधोमध वीतभर जागेत खड्डे पडले आहेत. तिथे काजळी धरणार. तो म्हणाला, पहिली गोळी नीट जाईल, दुसरी थोडी चुकेल, तिसरीचा भरवसा नाही. या वर्षी मॅचमध्ये उतरू नकोस असंही म्हणाला.

शैलेंद्रने आठवण करून दिली नाही की त्याने आधीच सांगितलं होतं. स्टुलावर चढून त्याने कूलर बंद केला आणि चार दिवस आम्ही दोघं घामात बसतो आहोत. काल तो म्हणाला की अट पुढच्या वर्षावर ढकलू. मी नाही म्हटलं. तारीख त्याने घातली होती आणि मी मान्य केली होती. नळी बिघडली म्हणून तारीख बदलत नाही.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू नियम सांगितलास, हात माझा होता. फक्त एवढं सांग: अशी नळी तुझ्यासमोर आली असती तर तू काय केलं असतंस? उत्तर १० नोव्हेंबरपर्यंत हवं.

वहिनीला नमस्कार. रागावून का होईना, लिही.

पद्मिनी


खडकी
२९ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. पद्मिनीस अनेक आशीर्वाद.

माझं सहा तारखेचं पत्र एव्हाना मिळालं असेल. ते वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल, याचा विचार मी करत नाही असं नाही. चूक माझी. तुझी वहिनीही तसंच म्हणते, आणि रोज म्हणते.

अशी नळी समोर आली असती तर मी दहा सेकंदांत बाद केली असती. पण बाद करणं सोपं असतं. मागे दुसरी नळी तयार असते. तुझ्यामागे नाही. म्हणून ऐक.

पहिली गोळी नीट जाते ना? मग प्रत्येक गोळी पहिली कर. प्रत्येक बारानंतर नळी पूस. दोन ओली कापडं, एक कोरडं. मागून पुढे, एकाच दिशेने, दर वेळी तितकंच. घाई झाली तर गोळी सोड, पुसणं सोडू नकोस. दहाऐवजी सात झाल्या तरी चालतील. पत्र मिळाल्यापासून रोज घरी घड्याळ लावून सराव कर, दारूशिवाय.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या एकतीस वर्षांत मी एकही काडतूस स्वतः उडवलं नाही. चाचणीची जागा भिंतीपलीकडे होती आणि तिथे जायला आमच्याकडे पास नव्हता. आवाज यायचा, कुणाचा, कशाचा, ते कळायचं नाही. मेंढा वाजला तर कसा वाजला ते नीट लिही. सुंदर करून लिहू नकोस.

शैलेंद्ररावांना आशीर्वाद. त्यांना म्हणावं, कूलर लावा. माणसांना गंज चढत नाही.

तुझा,
दादा


चँडलर
शनिवार, १५ नोव्हेंबर १९८६

ती. दादा,

शि. सा. नमस्कार. आज उजवा खांदा जांभळा आहे, तेव्हा नमस्कार डाव्या बाजूने.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारपासून संध्याकाळी दिवाणखान्यात सराव केला. शैलेंद्र घड्याळ धरून सोफ्यावर बसायचा. पुसण्यासकट एका बाराला पन्नास सेकंद लागतात. मेंढ्यांवर दहा गोळ्यांना सात मिनिटं मिळतात. म्हणजे आठ. दोन सोडायच्या, हे आधीच ठरवून गेले.

मॅचमध्ये शेजारी एक माणूस दुर्बीण घेऊन बसू शकतो. गोळी कुठे पडली ते सांगतो. वॉल्ट बसणार होता. आज सकाळी शैलेंद्र म्हणाला की तो बसेल. कोंबड्या आणि टर्कींचं सांगत नाही. एक डुक्कर पडलं. मग मेंढे.

बाकीच्यांचे बार चालू असताना मी कापड ओढत होते. पलीकडचा एक जण म्हणाला की बाई मॅचला आल्या आहेत की साफसफाईला. मी पुसत राहिले. पहिल्या चार गोळ्या डावीकडे धुळीत गेल्या. शैलेंद्र मराठीत ओरडत होता, दीड फूट डावीकडे, हातभर खाली, आणि लोक हसत होते. पाचवी जवळ, सहावी वरून. सातवीच्या वेळी वारा थांबला होता. बार काढला, धूर झाला. मी तीनपर्यंत मोजलं.

वाजला, दादा. देवळातल्या घंटेसारखा नाही. तापल्या तव्यावर उलथनं आपटल्यासारखा, आणि बारीक. इतका बारीक की लक्ष नसतं तर चुकला असता.

मेंढा हलला. थोडा फिरला. पडला नाही.

आठवी वरून गेली आणि वेळ संपली. इथला नियम असा की प्राणी आडवा झाला तरच मोजतात. माझ्या कार्डावर मेंढ्यांपुढे शून्य लिहिलं.

नंतर प्राणी पुन्हा उभे करायला माणसं जातात, त्यांच्याबरोबर शैलेंद्र गेला. परत आला तो चिडलेला. गोळी मागच्या खुराला, मेंढा ज्यावर उभा असतो त्या जाड पट्टीवर लागली होती. हातभर वर लागली असती तर मेंढा आडवा होता. तो म्हणाला की लागली म्हणजे लागली, अट पुरी झाली. मी म्हटलं, पडला पाहिजे असं ठरलं होतं. तो म्हणाला, अट माझी आहे, तिचा अर्थ मी लावणार. मी म्हटलं, अट घातलीस तेव्हा तुझी होती, मी हो म्हटल्यावर दोघांची झाली. वॉल्ट त्याच्या बाजूने बोलला. येतानाच्या सव्वा तासात शैलेंद्र बंदूक ठेवायची म्हणत होता आणि मी परत करायची. हायवेवरून उतरायची एक्झिटही चुकली.

आल्याबरोबर नळी उकळत्या पाण्याने धुतली आणि तेल दिलं. उद्या सकाळी परत करते. वाईट वाटतं आहे, पण तुला वाटेल तेवढं नाही. आवाज झाला तो माझ्याच गोळीचा होता आणि तो माझ्या कानांनी ऐकला.

तुझं पुसणं बरोबर होतं. हे वहिनीला मोठ्याने वाचून दाखव. तुम्हा दोघांच्या मायेतच आहे.

पद्मिनी

ता. क. रविवार. आज सकाळी आठ वाजता बंदूक वॉल्टला परत दिली. त्याने ती खड्ड्यांसकट घेतली. मग शैलेंद्रने त्याला विचारलं की दुसरी आहे का. होती, बारा पौंडांची, नळी स्वच्छ. आम्ही ती घेऊन आलो. मी अट विचारली. मार्चची मॅच, शैलेंद्र म्हणाला, आणि मेंढा पडला पाहिजे. मी हो म्हटलं.