रिकामा रकाना

भंडारा
१२ ऑक्टोबर २०१९

प्रिय खुशबू,
सप्रेम जय भीम.

तुझ्या घरी फोन केला, तुझा पत्ता काकूंनी दिला. तुमसरला एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये आहेस एवढंच म्हणाल्या, आणि फोन ठेवला. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. इकडे सगळे ठीक. माझा सुगत पहिलीत गेला. लवकर पिकणारा हलका धान कापायला आला आहे, त्यामुळे आपल्या आयसीयूत साप चावलेले पेशंट पुन्हा येऊ लागलेत.

एकोडीचे नत्थूजी तुला आठवत असतीलच. मण्यार चावली, श्वास बंद पडला, व्हेंटिलेटरवर ठेवलं. चौथ्या दिवशी बोटं हलवू लागले होते. मग ताप आला, छाती भरली, आणि अकराव्या दिवशी गेले. न्यूमोनिया तोंडाच्या घाणीनेच झाला असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यांची बायको ललिताबाई भेटायच्या वेळेला आत आल्या तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "बाई, यायच्या तोंडाचा लय वास येऊन राहिला जी. मी पुसून देऊ का?" मी म्हटलं, "हात लावू नका, श्वासाची नळी निघेल. आम्ही करतो."

नंतर चौकशी लागली. तोंडाच्या सफाईच्या तक्त्यात सकाळच्या माझ्या रकान्यांत सगळ्या खुणा होत्या. दुपारचे तुझे दोन दिवसांचे रकाने रिकामे होते आणि खाली तू लिहिलं होतंस, तोंडातली घाण ओढायच्या सक्शनच्या नळ्या संपल्या, स्टोअरला कळवले. कंत्राट तुझं वाढवलं नाही. मी गप्प बसले, याची लाज मला रोज वाटते.

आता मी इन्चार्ज आहे. तुझ्यानंतर आयसीयूत एकही रकाना रिकामा राहिला नाही. गेल्या महिन्यात आयसीयूचे नवे डॉक्टर आले. त्यांनी तक्ते बाजूला ठेवले, टॉर्च घेतला आणि एकेका पेशंटचं तोंड पाहिलं. सहापैकी चौघांच्या जिभेवर पांढरा थर, एकाच्या ओठाला नळीच्या पट्टीखाली जखम. सर ओरडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "सिस्टर, हे कागद कोणासाठी भरता?"

मी मुलींना जमवलं. सांगितलं, तोंडाची सफाई झाली तरच खूण करा. झाली नाही तर रिकामं सोडा, कारण लिहा. कोणी रागावणार नाही. तीन दिवस गेले, तक्ता पुन्हा भरलेला. चौथ्या दिवशी मी मेघाला विचारलं. नवी पोरगी आहे, सालस. खाली पाहत म्हणाली, "मॅडम, खुशबू सिस्टरनं रिकामं सोडलं होतं ना? तिचं काय झालं ते सगळ्यांले मालूम हाय."



खुशबू, वर लिहिलं की मी गप्प बसले. ते खरं नाही. चौकशीत साहेबांनी मला विचारलं होतं, नळ्या संपल्या होत्या तर सकाळी तुम्ही सफाई कशी केली? तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी म्हटलं, "होत्या थोड्या, सर." एवढ्या तीन शब्दांनी तू खोटी ठरलीस. नळी एकही नव्हती. मी नत्थूजींच्या तोंडात बोटसुद्धा घातलं नव्हतं. ड्युटीवर येताच पूर्ण पाळीच्या खुणा करून टाकायची माझी सवय होती. दोघी सिस्टर, सहा पेशंट, नळी निसटायची भीती, हे सगळं खरं. पण तुलाही तेच होतं, आणि तू खोटं लिहिलं नाहीस.

त्या दिवशी ड्युटी रूममध्ये मुलींना मी हे सगळं सांगितलं. मेघा रडत होती. दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात चोवीसपैकी सतरा रकाने रिकामे होते आणि प्रत्येकापुढे कारण. नळ्या नाहीत. पेशंट नळी चावतो, एकटीनं होत नाही. ब्रश कधी आलेच नाहीत. तो कागद घेऊन मी सरांकडे गेले, सोबत माझ्या खोट्या जबाबाच्या कबुलीचा अर्जही. त्यांनी दोन्ही वाचलं. म्हणाले, "तक्त्याचं मी पाहतो. पण या अर्जावर चौकशी होईल. इन्चार्जपद जाईल, कदाचित नोकरीही." मी म्हटलं, "हो सर."

नळ्या आणि ब्रश आठवड्यात आले. आता अवघड पेशंटची सफाई दोघी मिळून करतात. काल चोवीसपैकी पाच रिकामे होते. पाच खरोखरच राहिले होते.

घरी अजून सांगितलं नाही. आज सांगेन.

चौकशी बावीस तारखेला आहे. तुला कागद येईल. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर माझ्याशी बोलावं लागेल असं समजू नकोस. एकोडीला मी उद्या रविवारी जाणार आहे. ललिताबाई काय म्हणतील ते ऐकून घेईन.

अर्जाची नक्कल सोबत जोडली आहे. जिथे दाखवावी वाटेल तिथे दाखव. माफी मागत नाही. ती मागण्याआधी तुझं नाव साफ व्हायला हवं.

तुझ्याविषयी खोटं बोललेली,
तृप्ती